घरगुती आपत्तींची वही

अण्णांनी बाथरूमच्या दाराला आतून कडी लावली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, रविवार होता आणि घरात एकही आपत्ती नव्हती. आराखडेसाहेब हे छातीठोकपणे सांगू शकत होते, कारण नऊ वाजताच त्यांनी घरभर फिरून पाहणी केली होती. गॅसची कळ बंद होती, खिडक्यांच्या काचा शाबूत होत्या, जिन्यात कोणी केळीची साल टाकलेली नव्हती. मग ते वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. दाराजवळ अशासाठी, की पळायची वेळ आलीच तर रस्ता डोळ्यांसमोर असावा.

आराखडे हे त्यांचे आडनाव नव्हे. शहराच्या मोठ्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर आपत्ती व्यवस्थापनाची शाखा आहे, आणि तिथे गेली एकवीस वर्षे ते आराखडे बनवतात. पुराचा आराखडा, आगीचा आराखडा, गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर तिचा आराखडा. शिपायापासून वरपर्यंत सगळे त्यांना आराखडेसाहेब म्हणतात. खरे आडनाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरले आहे. स्वभाव मुळातच भित्रा. लहानपणी ढग गडगडले की ते कपाटात जाऊन बसत. मोठेपणी तसेच बसण्याबद्दल त्यांना पगार मिळू लागला, एवढाच फरक.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आराखड्यांनी त्या ब्रह्मराक्षसाचीही वर्गवारी करून ठेवली होती. आपत्ती आधी कारणावरून ओळखायची: निसर्गाने आणलेली की माणसाने ओढवलेली. मग वेगावरून: अचानक कोसळणारी की मंद गतीने येणारी. आणि शेवटी स्तरावरून. घरातल्या घरात निभावते ती स्तर एक, शेजाऱ्यांना हाक मारावी लागते ती स्तर दोन, आणि बंब किंवा रुग्णवाहिका बोलवावी लागते ती स्तर तीन. वर्ग ठरला की किती घाबरायचे ते ठरते, असे ते नव्या कारकुनांना शिकवत. स्वतः मात्र तिन्ही स्तरांना सारखेच घाबरत.

"अरे," आतून अण्णांचा आवाज आला, "ही कडी परत सरकत नाहीये."

आराखड्यांच्या हातातले वर्तमानपत्र गळून पडले.

"सरकत नाहीये म्हणजे?"

"म्हणजे कडी बसलीय आत, आणि तिची मूठ आलीय माझ्या हातात."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. वय वर्षे एकोणऐंशी. अग्निशमन दलात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी दगा दिलेला, आवाजाने अजून न दिलेला. मुलाच्या नोकरीबद्दल त्यांचे मत सर्वांना ठाऊक होते. "कागदाने आग विझत असती," ते म्हणत, "तर आम्ही पाणी कशाला वाहून नेलं असतं?"

स्वयंपाकघरातून आराखड्यांची बायको म्हणाली, "आज परत आपत्तीची तालीम? अहो, गेल्या रविवारीच झाली ना?" ती पोस्टात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांच्या रांगा बघून तिला कशाचीच घाई वाटत नसे.

"तालीम नाही. खरं आहे."

"गेल्या रविवारीही हेच म्हणाला होतात."

आराखड्यांचा चेहरा पाहिल्यावर मात्र तिने हात पुसले. बाथरूमच्या दारापाशी येऊन तिने दोन धक्के दिले. दार ढिम्म. ते हलणार नव्हतेच, कारण महिन्यापूर्वी आराखड्यांनीच ते पक्के करून घेतले होते. वादळ आले तर घरातली सर्वांत लहान खोली सर्वांत सुरक्षित, असे त्यांच्या आराखड्यात होते. म्हणून बाथरूमच्या दाराला पत्रा ठोकला, खिडकीला जाळी बसवली, आणि जुनी बारकी कडी काढून बोटाएवढी जाड लोखंडी कडी लावली. कडी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती.

"हातोडी कुठाय?" बायकोने विचारले.

"पेटीत."

"पक्कड?"

"पेटीत."

"आणि पेटी?"

आराखड्यांनी दाराकडे बोट दाखवले. आणीबाणीत धावाधाव नको म्हणून घरातली सगळी साधने त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत भरली होती. दोर, बॅटरी, शिट्टी, बिस्किटे, औषधे, हत्यारे, सगळे एका जागी. आणि पेटी ठेवली होती सर्वांत सुरक्षित खोलीत.

"शाब्बास," बायको म्हणाली. "मग सोपंच आहे की. अण्णा, ती पेटी आहे ना तिथे, ती उघडा आणि पक्कड घ्या."

"अगं, कधीच उघडली असती. कुलूप आहे तिला. आकड्यांचं. सांग रे आकडा."

आराखड्यांनी ऐकू न आल्यासारखे केले. आता त्या पेटीत आणखी काय होते ते सांगायला हवे. हत्यारांच्या खाली, बिस्किटांच्या पुड्याच्या आड, निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. घरगुती आपत्तींची वही. तिच्यात आराखड्यांनी घरावर येऊ शकणाऱ्या त्रेसष्ट आपत्ती वर्गवार लिहिल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन असे तीन रकाने भरले होते. दुधात पाल पडल्यास काय करावे याच्या सात पायऱ्या होत्या. पान अकरावर मंद गतीने येणाऱ्या आपत्ती होत्या. भिंतीतली ओल, नळांचा गंज, लाकडाची वाळवी, आणि पाचवी छपराची गळती. मधे क्रमांक चार: अण्णा.

पूर्वसूचना: मिळू लागली आहे. गॅस चालू राहिला, दोनदा. मला धाकट्या काकाच्या नावाने हाक मारली, एकदा. जिन्यात भिंत धरून उभे राहिले, मी पाहिले हे त्यांना माहीत नाही. तीव्रता: सर्वोच्च. टाळता येईल काय: नाही.

त्यापुढचे तिन्ही रकाने कोरे होते. आराखडे त्या रकान्यांपुढे तीन रविवार पेन घेऊन बसले होते, आणि त्रेसष्ट आपत्तींमध्ये तेवढीच एक अशी होती, की जिच्यासाठी एकवीस वर्षांच्या अनुभवात त्यांना एक ओळ सुचली नव्हती. पेटीला कुलूप चोरांसाठी नव्हते. ते अण्णांसाठी होते. ज्या माणसाने जळत्या घरांतून माणसे खांद्यावरून बाहेर काढली, त्याने स्वतःचे नाव वाळवी आणि छपराच्या गळतीच्या मध्ये वाचावे, ही कल्पनाही आराखड्यांना सहन होत नसे.

"आकडा... आठवत नाहीये," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "तुम्हाला? आपल्या लग्नात दिवे किती वाजता गेले होते?"

"सात वाजून बावीस मिनिटांनी."

"आणि हा आकडा आठवत नाही."

"आधी स्तर ठरवू या," आराखडे घाईघाईने म्हणाले. "स्तर ठरल्याशिवाय प्रमुख कोण ते ठरत नाही. स्तर एकला प्रमुख कुटुंबप्रमुख."

"कुटुंबप्रमुख आत अडकलेत."

"मग उपप्रमुख. म्हणजे मी." एवढे बोलून उपप्रमुखांनी खांदा पुढे केला, चार पावले मागे गेले आणि दारावर धडकले. दाराला काही झाले नाही. पत्रा चांगल्या प्रतीचा निघाला.

"काय करतोयस रे?" आतून अण्णा. "खांद्याने दार तोडायला जाऊ नये. चौतीस वर्षांत मी एकदाच तसं केलं, आणि महिनाभर डाव्या हाताने जेवलो. तू आपला आकडा आठव. मी बसतो इथे बादली पालथी घालून."

आणि ते गुणगुणू लागले. ते गुणगुणणे ऐकून आराखड्यांना जरा हायसे वाटले. गुणगुणणारा माणूस वाचत नसतो.

दरम्यान बायकोने सुताराचा विषय काढला. सुताराचा नंबर आराखड्यांकडे होता, पण तो वहीच्या शेवटच्या पानावर, कारण आणीबाणीत मोबाइलवर विसंबू नये असे आराखड्यात होते. बायकोने मोबाइलवरच दुसरा सुतार शोधला. तो म्हणाला, उद्या येतो. खालचे बिऱ्हाड बाहेरगावी होते. उरल्या समोरच्या काकू.

"स्तर दोन," आराखड्यांनी जाहीर केले आणि समोरची घंटा वाजवली.

काकूंनी दार उघडले, आराखड्यांना पाहिले आणि पुन्हा लावून घेऊ लागल्या. "नाही हं. आज मी मरणार नाही. मागच्या वेळी पाऊण तास जिन्यात मेलेली पडले होते, अजून कंबर धरलीय. तुमच्या त्या माणसाने छातीवर पाटी लावली आणि विसरूनच गेला मला."

"काकू, तालीम नाही ही. अण्णा बाथरूममध्ये अडकलेत. तुमची हातोडी द्या जरा."

"माझी हातोडी?" काकू दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "माझी हातोडी तूच नेलीस ना गेल्या महिन्यात! सामायिक साधनसंच म्हणालास. सही घेतलीस माझी."

आराखड्यांना सही आठवली. पोच दोन प्रतींत केली होती.

तरी काकू आल्या. स्वभावाने त्या भल्या होत्या, आणि चार तालमींनंतर तयारही झाल्या होत्या. येताना आठवणीने चादर आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि बाथरूमपुढच्या बोळात स्टूल ओढून बसल्या. "मी आज कोण? जखमी की बघे?"

"काकू, तुम्ही फक्त काकू," बायको म्हणाली.

आराखड्यांनी खिडकीकडून प्रयत्न केला. म्हणजे बाल्कनीत उभे राहून, एका हाताने पाइप धरून, मान तिरकी करून बाथरूमच्या खिडकीपर्यंत तोंड नेले. जाळीतून त्यांना फक्त टॉवेलचे एक टोक दिसले. खाली पाहिले तर जमीन दुसऱ्या मजल्याइतकी लांब होती, आणि एकवीस वर्षे लोकांना "खाली पाहू नका" असे लिहून देणाऱ्या आराखड्यांना घेरी आली. बायकोने सदऱ्याला धरून त्यांना आत ओढले.

"काय आहे त्या पेटीत?" तिने हळूच विचारले.

"हत्यारं."

"हत्यारांना कोणी इतकं घाबरत नाही."

आराखड्यांनी सांगून टाकले. पान अकरा, क्रमांक चार, कोरे रकाने, सगळे.   बायको म्हणाली, "वाळवीच्या खाली?"

"वाळवीच्या खाली. छपराच्या वर."

"अहो, किती घाबरता तुम्ही," ती म्हणाली, पण या वेळी चिडून नाही.

आणि तेवढ्यात दोघांच्या एकदमच लक्षात आले, की गुणगुणणे थांबले आहे.

"अण्णा?"

उत्तर नाही.

"अण्णा!"

"हं," असा एक तुटक आवाज आला. मग पुन्हा काही नाही.

 आराखड्यांनी दाराला कान लावला. पत्रा गार होता. आत नळाचा थेंब टपकत होता, आणि मधूनच काहीतरी घासल्यासारखा, खरखरल्यासारखा बारीक आवाज येत होता. श्वास तर नव्हे? लागलेला, अडकत अडकत येणारा श्वास? त्यांना अण्णांचे गुडघे आठवले, ओली फरशी आठवली, पालथी बादली आठवली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस बादलीवरून कलंडला तर कुठे डोके आपटेल याचा हिशेब त्यांच्या मनाने न सांगता केला, आणि उत्तर आले: नळावर.  पुराच्या आराखड्यात हजारो माणसे हलवताना त्यांचे पेन कधी थरथरले नव्हते. इथे एकच माणूस होता, तीन फुटांवर, आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट त्यांनीच पत्रा ठोकून बंद केली होती. नैसर्गिक की माणसाने ओढवलेली? माणसाने. माणसाचे नाव, पत्ता सगळे माहीत होते.

"अण्णा, बोला ना काहीतरी!"

घर्र, असा आवाज. मग शांतता.

"स्तर तीन!" आराखडे ओरडले. "स्तर तीन, स्तर तीन!"

ते कोणाला उद्देशून ओरडले नव्हते. माणूस 'आई गं' ओरडतो तसे ते होते. पण काकू तयार झालेल्या. स्तर तीन कानावर पडताच शेजाऱ्याने कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता बंबाला फोन करावा, हे त्यांना आराखड्यांनीच घोकून घेतले होते. त्यांनी तिथेच स्टुलावर बसून फोन लावला. "माणूस अडकलाय. हो, आराखडेसाहेबांचं घर. नाही हो, तालीम नाही! मी शपथ घेऊन सांगते! अहो, मेलेली मी असते ना दर वेळी, मी जिवंत बोलतेय, म्हणजे खरंच असणार ना!"

फोनवरच्या माणसाला ते पटले असावे.

आराखड्यांना यातले काही ऐकू गेले नाही. ते दाराला दोन्ही तळहात लावून उभे होते. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते त्यांना नेमके कळत होते, आणि त्या वेळी एक विचित्र गोष्ट घडली. दोन भीती इतका वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या: अण्णा ती वही वाचतील ही एक, आणि अण्णांना काही झाले असेल ही दुसरी. त्यातली पहिली अचानक इतकी लहान झाली, की शोधूनही सापडेना.

"चारशे सतरा!" ते जीव तोडून ओरडले. "अण्णा, कुलपाचा आकडा चारशे सतरा! पेटी उघडा! पक्कड घ्या! त्यात निळी वही आहे, पान अकरा वाचलंत तरी चालेल, मला काय बोलायचं ते बोला, पण बाहेर या हो! माझ्याकडे काही उपाय नाही, अण्णा. मला काही सुचत नाहीये!"

 काकूंनी चादर छातीशी धरली.

"ओरडू नकोस," अगदी दाराजवळून अण्णांचा आवाज आला. "घसा बसेल."

आराखड्यांनी कपाळ दाराला टेकले.

"चारशे सतरा माझा बिल्ला क्रमांक," अण्णा पुढे म्हणाले. "तुझ्या पहिल्या सायकलच्या कुलपालाही तोच होता. मला काय पेटी उघडायला तुझी परवानगी लागते? तू खांदा आपटून गेलास ना, त्याच वेळी उघडली."

"मग... मग तेव्हाच बाहेर का नाही आलात?"

"वाचत होतो."

"आणि तो खरखर आवाज?"

"पेटीतली पेन्सिल. टोक मोडलं होतं, फरशीवर घासत होतो."

मग आतून पकडीचा आवाज आला, कडी एकदा कुरकुरली, दोनदा कुरकुरली आणि बऱ्याच खटपटीनंतर सरकली. दार उघडले. अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. एका हातात पक्कड, काखेत निळी वही, मिशीत बिस्किटाचा भुगा. डोळे लाल होते. साबण गेला असेल, असे बायको नंतर म्हणाली.

 आराखड्यांना काहीतरी बोलायचे होते, पण त्याआधी रस्त्यावर बंबाची घंटा वाजली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्या दलांसाठी वापरली होती. आज ती स्वतःच्या दारात आली.

अण्णांचा चेहरा पडला. "बंब कोणी बोलावला?"

"मी!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "स्तर तीन म्हटलं ना त्याने."

"अरे देवा," अण्णा पुटपुटले. सकाळपासून अडकले असताना ते घाबरले नव्हते. आता मात्र ते दोन पावले मागे सरले. "माझ्या जागेवर आता तो शिडी आहे. मी शिकवलेला पोरगा. चौतीस वर्षं मी लोकांची दारं उघडली रे, आणि आता तो जाऊन तिकडे सांगणार, म्हातारा बाथरूममध्ये अडकला होता म्हणून."

जिन्यात बूट वाजले. चार जण वर आले, पुढे केंद्रप्रमुख. उंची इतकी, की अण्णांनी पहिल्याच दिवशी त्यांचे नाव शिडी ठेवले होते, आणि आता साहेब झाल्यावर सगळे त्यांना शिडीसाहेब म्हणत. हातात कुऱ्हाड होती. अण्णांना पाहताच त्यांनी कुऱ्हाड डाव्या हातात घेऊन सलाम केला.

"अण्णा! कोण अडकलंय?"

 काकूंनी तोंड उघडले, बायकोने त्यांचा हात दाबला.

"कोणी नाही," आराखडे म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना तो अनोळखी वाटला. "रंगीत तालीम होती."

"काय?" काकू ताडकन उठल्या. "परत तालीम?"

शिडीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, लेखी पूर्वसूचना नाही. विनासूचना तालीम घेऊन बंब बोलावला तर कारवाई होते. नियम तुम्हीच लिहिलाय."

"हो," आराखडे म्हणाले. "कलम चौदा."

"मग?"

एकवीस वर्षांत आराखड्यांकडून कोणी एक साधा लेखी खुलासाही मागितला नव्हता. कारवाई या शब्दाने त्यांना कचेरीत घाम फुटत असे. आताही फुटला. तो पुसत ते म्हणाले, "मग करा कारवाई. चूक माझी आहे."

शिडीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग फरशीवर पडलेल्या कडीच्या मुठीकडे, अण्णांच्या हातातल्या पकडीकडे आणि मिशीतल्या भुग्याकडे पाहिले. ते अण्णांच्या हाताखाली तयार झाले होते. धुराचा रंग बघून काय जळतेय ते ओळखणारा माणूस. त्यांनी खिशातून डायरी काढली.

"आली होती वाटतं सूचना," ते लिहिता लिहिता म्हणाले. "माझ्याच टेबलावर राहिली असेल. तालीम. समाधानकारक."

"समाधानकारक कसली?" अण्णा ताठ उभे राहून गरजले. "अकरा मिनिटं लागली तुम्हाला. आमच्या वेळी सहात पोचायचो."

"हो अण्णा," शिडीसाहेब म्हणाले, आणि चौघे जण खाली गेले. काकूही गेल्या. जाताना चादर घट्ट गुंडाळत बजावून गेल्या, की यापुढे खरोखर आग लागली तरी त्या येणार नाहीत.

घर शांत झाले. अण्णा दाराजवळच्या खुर्चीत, म्हणजे आराखड्यांच्या जागेवर, बसले आणि त्यांनी काखेतली वही पुढे केली. "घे. आणि वर्गवारी नीट शीक जरा. एकवीस वर्षं काय करतोस तिथे?"

आराखड्यांनी पान अकरा उघडले. क्रमांक चारवर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली होती. खाली अण्णांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: चुकीच्या वर्गात नोंद. पान तीनवर हलवले.

पान तीनवर उपलब्ध साधनांची यादी होती. दोर, एक. बॅटरी, एक. शिट्टी, हातोडी (समोरच्या काकूंची), पक्कड. बिस्किटांचे पुडे, दोन. त्यातला दोनचा आकडा खोडून एक केला होता. आणि सर्वांत खाली नवी ओळ होती.

अण्णा. एक नग. जुने. चालू स्थितीत.

त्या यादीला मुदतीचाही रकाना होता, कारण बिस्किटांची आणि औषधांची मुदत संपते. आराखड्यांची नजर तिकडे जायला धजेना, तरी गेली. तिथे लिहिले होते: वेष्टनावर छापलेली नाही. आणि शेजारी, तपासणीच्या रकान्यात: दर रविवारी, चहा घेऊन.

आराखड्यांनी ती ओळ दोनदा वाचली. भीती गेली नव्हती. ती पान अकरावरच्या रेघेखालून अजून वाचता येत होती. त्यांनी डोळे पुसले, वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. गॅसची कळ दोनदा तपासली. मग दोन कप घेऊन बाहेर आले आणि अण्णांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. बाहेर पडायचा रस्ता त्यांच्या पाठीमागे होता.

"साखर कमी आहे," अण्णा म्हणाले.

आराखड्यांनी वही पुन्हा उघडली, तपासणीच्या रकान्यात आजची तारीख घातली आणि पुढे लिहिले: चालू.